सॉफ्टवेअर चाचण्यांची निवड
संगणकाच्या आज्ञावलीत बदल केल्यानंतर तिच्यासाठी लिहून ठेवलेल्या स्वयंचलित चाचण्यांपैकी आवश्यक तेवढ्याच चाचण्या टंकलिखित आदेशाने चालविण्याची पद्धती. चाचणी हीदेखील एक छोटी आज्ञावलीच असते. मूळ आज्ञावलीचा एखादा भाग चालवून मिळालेले उत्तर ती अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. चाचण्यांची संख्या हजारांवर गेली म्हणजे प्रत्येक लहान बदलानंतर त्या सर्व चालविणे वेळेच्या दृष्टीने परवडत नाही. निवडीची गरज यातून निर्माण झाली.

केवळ बदललेल्या भागाशी संबंधित काम पुन्हा करावे, हा विचार जुना आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केलेले ‘मेक’ हे साधन त्यावरच आधारलेले होते. केंट बेक यांनी 1994 मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी चाचण्यांची चौकट मांडली. 1997 मध्ये त्यांनी एरिक गामा यांच्या साहाय्याने जावा भाषेसाठी ‘जेयूनिट’ तयार केली. 2001 मध्ये पायथन भाषेतही अशी चौकट समाविष्ट झाली. तीत आदेशापुढे चाचणीचे नाव लिहिले की तेवढीच चाचणी चालते. पुढे आलेल्या ‘पायटेस्ट’ या साधनात नावाच्या अंशावरून, चाचणीला दिलेल्या खुणेवरून किंवा मागील वेळी अयशस्वी ठरलेल्या चाचण्यांवरून निवड करता येते.

अशी निवड कार्यक्रमकाच्या अंदाजावर अवलंबून असते. ग्रेग रॉदरमेल व मेरी जीन हॅरल्ड यांनी 1997 मध्ये मांडलेल्या पद्धतीत जुन्या व नव्या आज्ञावलींच्या प्रवाहआलेखांची तुलना करून बदललेल्या भागातून जाणाऱ्या चाचण्या निवडल्या जातात. विशिष्ट अटी पाळल्यास दोष उघड करणारी चाचणी तीतून सुटत नाही.

चाचणी वगळण्याची किंमत 4 जून 1996 रोजी दिसून आली. यूरोपचे ‘एरियन–5’ हे रॉकेट आपल्या पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली ‘एरियन–4’ वरून घेतलेली होती. परंतु नव्या उड्डाणमार्गाची आकडेवारी देऊन तिची चाचणी झालेली नव्हती. 16 बिटांत न मावणारी एक संख्या निर्माण होताच यंत्रणा बंद पडली. ही चाचणी घेतली असती, तर दोष जमिनीवरच सापडला असता, असे चौकशीत आढळले.

महाराष्ट्रात मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत प्रभू रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली ‘पायएसपीएच’ ही मुक्त आज्ञावली या पद्धतीचे उदाहरण होय. द्रवाचे कणांत विभाजन करून त्याचा प्रवाह गणिताने काढण्याची 1977 मधील रीत ती वापरते. तिच्या काही चाचण्यांना फार वेळ लागत असल्याने त्यांवर ‘मंद’ अशी खूण केलेली आहे. ती खूण नसलेल्याच चाचण्या चालवाव्यात, असा आदेश देऊन विकासकाला झटपट पडताळा घेता येतो.

मात्र निवडलेल्या चाचण्यांचे यश फक्त त्या चाचण्यांपुरतेच असते. म्हणून काम चालू असता निवडक चाचण्या व आज्ञावली इतरांच्या हाती देण्यापूर्वी संपूर्ण संच, अशी विभागणी हितावह ठरते.