टोमॅटो आधी की गास्पाचो? एका थंड सूपाचा इतिहास आणि माझा एक चुकलेला रेफरन्स



मार्चमध्ये माझ्या थिसिसच्या पहिल्या प्रकरणाचा मसुदा गाईड मॅडमकडून परत आला. पहिल्याच पानावर, समासात, पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह होतं आणि खाली दोनच शब्द: "कुठे वाचलंस?"

माझा विषय टोमॅटोवरच्या प्रक्रियेचा आहे. टोमॅटो शिजवला, वाटला, थंड ठेवला तर त्यातला लाल रंग, म्हणजे लायकोपीन, किती टिकतो हे मी बघते. प्रस्तावना जरा वाचनीय व्हावी म्हणून मी लिहिलं होतं की दक्षिण स्पेनमध्ये अरबांच्या राजवटीपासून गास्पाचो हे टोमॅटोचं थंड सूप उन्हाळ्यात प्यायलं जातं. पुढे एक रेफरन्सही होता, एका रिव्ह्यू पेपरचा. तो पेपर मी वाचला होता. पण त्या पेपरने हे वाक्य कुठून घेतलं, ते मी बघितलं नव्हतं.

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहीत असाल, तर पुढचं वाचाच. हे वाक्य चूक आहे, आणि ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन तारखा पुरतात.

स्पेनमधलं अरब राज्य ७११ मध्ये सुरू झालं. शेवटचं ग्रनादा २ जानेवारी १४९२ ला पडलं. कोलंबस निघाला त्याच वर्षी, ३ ऑगस्टला. टोमॅटो अमेरिका खंडातला. त्याचं नावसुद्धा मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून आलेलं. स्पॅनिश सैन्याने तिथली राजधानी तेनोच्तित्लान जिंकली ती १५२१ मध्ये, आणि युरोपातल्या टोमॅटोच्या सुरुवातीच्या छापील नोंदींपैकी एक इटलीत मात्तिओलीच्या पुस्तकात १५४४ ची. म्हणजे ग्रनादाच्या शेवटच्या अरब सुलतानाने टोमॅटो पाहिलेलाच नव्हता. दहावीच्या इतिहासावर हे सुटलं असतं. मी एमएस्सी करून सोडवलं नाही, कारण कंसातला रेफरन्स दिसला की आपण विचार करायचं थांबवतो.

मग गास्पाचो होता तरी काय? आता मी कागदपत्रं क्रमाने लावून बघितली.

१६११ मध्ये सेबास्तियान दे कोवारुबियासने स्पॅनिश भाषेचा मोठा कोश छापला. त्यात गास्पाचो आहे: भाजलेला पाव, तेल, व्हिनेगर आणि वर आणखी काहीबाही. हे कापणी करणाऱ्या मजुरांचं, अडाणी लोकांचं खाणं, असंही तो नाक मुरडून सांगतो. टोमॅटो नाही.

१६१५ मध्ये 'दोन किहोते'चा दुसरा भाग आला. त्यात सांचो पान्झा एका बेटाचा राज्यपाल होतो, आणि एक वैद्य पथ्याच्या नावाखाली त्याच्यासमोरची ताटं उचलायला लावतो. कंटाळून सांचो पद सोडतो. जाताना म्हणतो, या वैद्याच्या हातून उपाशी मरण्यापेक्षा पोटभर गास्पाचो बरा. पुरावा म्हणून हा उतारा सगळे वापरतात. पण थांबा. सांचो ला मांचाचा, आणि तिथे याच नावाचा एक गरम पदार्थ आजही होतो: शिकारीचं मांस आणि त्यात सपाट रोटीचे तुकडे. सांचोला कुठला हवा होता? शब्द तोच म्हणून वस्तू तीच असं धरायचं नाही, हा माझा पहिला धडा.

१७४७ मध्ये माद्रिदला हुआन दे ला माताचं पाककृतींचं पुस्तक निघालं. त्यातल्या गास्पाचोत भाजलेल्या पावाचे कडक तुकडे, लसूण, व्हिनेगर, तेल, मीठ, थोडी साखर. टोमॅटो नाही. गंमत म्हणजे याच पुस्तकात टोमॅटोचा सॉस आहे. म्हणजे टोमॅटो स्वयंपाकघरात पोचला होता, फक्त या वाडग्यात पडला नव्हता.

फ्रेंच लेखक तेओफिल गोतिए १८४० मध्ये स्पेन फिरला. त्याने गास्पाचो खाल्ला आणि भरपूर थट्टा केली. १८४५ मध्ये इंग्रज रिचर्ड फोर्डने प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्याने मात्र नीट लिहिलं की हे खाल्ल्याशिवाय शेतमजुरांना तिथलं ऊन सोसणार नाही. दोघांच्याही यादीत कांदा, लसूण, काकडी, मिरची, पाव, व्हिनेगर आहे. टोमॅटो नाही.

इथपर्यंत मी खूश होते. "१८४५ पर्यंत गास्पाचोत टोमॅटो नव्हता" असं नवं वाक्य मी लिहूनही टाकलं. मग मेरी रँडॉल्फ भेटली.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची ही बाई. तिचं घरगुती पाककृतींचं पुस्तक १८२४ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं. त्यात स्पॅनिश म्हणून एक 'गास्पाचा' आहे: तळाला भाजलेला पाव, त्यावर सोललेल्या टोमॅटोच्या चकत्या, काकडी, कांदा, मीठ, मिरी, असे थरावर थर, आणि वरून शिजवून गाळलेल्या टोमॅटोच्या रसात मोहरी, तेल आणि पाणी मिसळून ओतायचं. इतक्या लांब व्हर्जिनियात हे कसं पोचलं? तिची बहीण दक्षिण स्पेनमध्ये कादिसला राहिली होती. मेव्हणा तिथे अमेरिकेचा वाणिज्य दूत होता.

म्हणजे माझं दुसरं वाक्यही पडलं. गोतिए आणि फोर्ड खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे वाडगं पाहिलं त्यात टोमॅटो नसेल. पण दोन वाटसरूंच्या वाडग्यात नाही म्हणजे अख्ख्या अंदालुसियात नाही, असं होत नाही. तिथे वर्षानुवर्षं घर चालवलेल्या बाईच्या ओळखीने आलेली कृती वेगळं सांगू शकते. शिवाय ज्यांचं हे खाणं होतं त्या मजुरांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही. आपण वाचतो ते कोशकाराचं, कादंबरीकाराचं आणि पाहुण्यांचं. प्रयोगात आपण 'डिटेक्शन लिमिट' म्हणतो ना, तेच. यंत्राला दिसलं नाही म्हणजे शून्य आहे असं नाही.

एक पुरावा तर आजही जिवंत आहे. मालागाकडे 'आहोब्लांको' हे थंड सूप होतं: बदाम, लसूण, पाव, तेल, व्हिनेगर आणि वरून द्राक्षं. पांढरंशुभ्र. टोमॅटो नसलेल्या गास्पाचोची ती शाखा वाळलेली नाही.

थिसिसमध्ये आता माझं वाक्य असं आहे: पाव, तेल आणि व्हिनेगरचं गास्पाचो सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून नोंदलेलं आहे, टोमॅटो घातलेलं रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापील मिळतं. कमी चमकदार आहे, पण कोणी समासात प्रश्नचिन्ह काढलं तर मला उत्तर देता येतं. पाव-लसणाच्या सूपाचं मूळ अरब किंवा त्याआधीचं असूही शकेल. रोमन सैनिक व्हिनेगर घातलेलं पाणी पीत, हे खरं आहे. पण त्यातून गास्पाचो निघाला असं म्हणायला मधले दुवे दाखवावे लागतात. आपल्याकडेही शेतावर शिळी भाकरी ताकात कुस्करून कांद्याबरोबर खातात. ऊन तेच, घाम तोच, त्यामुळे उपायही सारखा. साम्य म्हणजे नातं नव्हे.

आता मुद्द्याचं: करायचं कसं. मे महिन्यात आमच्या खोलीवर दर रविवारी होतं.

एक किलो पिकलेले, लालभडक टोमॅटो (गावरान मिळाले तर उत्तम), एक छोटी काकडी, अर्धी ढोबळी मिरची, लसणाची एक पाकळी, एक शिळा पाव, दोन चमचे व्हिनेगर, मीठ. सगळं स्वच्छ धुऊन, चिरून, मीठ लावून अर्धा तास ठेवा. मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं, त्या रसातच पाव भिजतो. मग मिक्सरमधून काढा. शेवटी चार-पाच चमचे ऑलिव्ह तेल बारीक धारेने, मिक्सर कमी वेगावर ठेवून घाला. तेलाचे बारीक थेंब होऊन रसात अडकतात आणि पावामुळे ते लवकर वेगळे होत नाहीत. लाल रंग एकदम केशरी झाला तर घाबरू नका, ते थेंब आणि हवेचे बुडबुडे प्रकाश विखुरतात. फ्रिजमध्ये तीन तास ठेवा. गार झाल्यावर चव मंद लागते, म्हणून मीठ आणि आंबटपणा पिताना पुन्हा बघा. कच्चं आहे, त्याच दिवशी संपवा. अंदालुसियात हे लाकडी वाडग्यात कुटत, आणि पाणी मातीच्या भांड्यातलं, आपल्या माठासारखं. आजचं गुळगुळीत रूप मिक्सर घरोघरी आल्यावरचं आहे. म्हणजे आपण ज्याला 'पारंपरिक' म्हणून पितो, त्यातलाही एक भाग विसाव्या शतकातला.

त्या प्रश्नचिन्हानंतर मी माझे बाकीचे रेफरन्स तपासायला बसले. नऊ ठिकाणी मी मूळ पेपर उघडलाच नव्हता. त्यातल्या एका ठिकाणी लायकोपीन साठवण्याचं तापमान मूळ पेपरमध्ये वेगळं निघालं, आणि त्यावर माझा पुढचा अख्खा प्रयोग बेतलेला होता. सूपाचं वाक्य चुकलं असतं तर फक्त हसं झालं असतं. हे चुकलं असतं तर एक वर्ष गेलं असतं.

तर आज एवढंच करा. तुमच्या सिनॉप्सिसमधले, तुम्हाला सगळ्यात जास्त खात्री असलेले तीन रेफरन्स निवडा. प्रत्येकाचा मूळ पेपर उघडा आणि तुमचं वाक्य त्यात खरंच आहे का, बोट ठेवून शोधा. सापडलं नाही तर लाजू नका, वाक्य बदला. तोवर सूप गार होतं.