बीडच्या वेशीवरील जामखेड आणि आरोळे दांपत्य

बीड जिल्ह्यातील आष्टी आणि पाटोदा या अवर्षणग्रस्त तालुक्यांना लागून असलेल्या जामखेड (पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प, म्हणजे उपचारांबरोबर पाणी, आहार आणि सामाजिक समतेचाही विचार करणारे आरोग्यकार्य, सुरू केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या या दोघांनी उपेक्षित खेड्यांसाठी आयुष्य वेचण्याचा संकल्प विवाहसमयीच केला होता, आणि अमेरिकेतील उच्चशिक्षणानंतरही तो ढळला नाही. त्यांच्या औदार्याचे खरे मोल मात्र पैशात किंवा औषधांत नव्हे, तर वैद्यकीय ज्ञानावरील डॉक्टरांची मक्तेदारी सोडण्यात होते. बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित असलेल्या स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्य सेविका म्हणून घडवले, म्हणजेच बाळंतपण, बालसंगोपन आणि रोगप्रतिबंध यांची जबाबदारी गावातल्याच स्त्रीकडे सोपवली. 1970 च्या दशकातील दुष्काळात हातपंपांच्या जागा त्यांनी जाणीवपूर्वक दलित वस्त्यांत निवडल्या, त्यामुळे सवर्णांनाही पाण्यासाठी तेथे जावे लागले. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.