हेडफोनचा भाव आणि मजुरी
महागड्या ‘क्लोज्ड-बॅक’ हेडफोनमध्ये पैसे नेमके कशाचे?

जळगाव/धुळे : सुवर्णनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जळगावात दागिना घेताना ग्राहक तीन प्रश्न हमखास विचारतो. वजन किती, आजचा भाव काय आणि मजुरी किती? उत्तरे मिळाली, की दागिन्याची किंमत त्याला स्वतः मांडता येते. साठ हजार रुपयांचा हेडफोन घेताना मात्र असा हिशेब कोणी मांडत नाही. नवे मॉडेल येणार, अशी कुणकुण लागली की उत्सुकता ताणली जाते. किंमत जाहीर झाली, की ‘एवढे पैसे कशाचे?’ हा वाद सुरू होतो. खान्देशातही संगीतप्रेमींची नवी पिढी या बाजारपेठेकडे वळत असल्याने हा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे.

बंद आणि उघडे

हेडफोनचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. ज्याच्या वाट्या मागच्या बाजूने जाळीदार असतात तो ‘ओपन-बॅक’ आणि ज्याच्या वाट्या पूर्ण बंद असतात तो ‘क्लोज्ड-बॅक’. पहिल्या प्रकारात आवाज मोकळा वाटतो, परंतु तो बाहेरही ऐकू जातो. दुसऱ्यात बाहेरचा गोंगाट आत कमी येतो आणि आतला आवाज शेजाऱ्याला त्रास देत नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायकाच्या कानावर बंद हेडफोनच लागतो. अन्यथा त्यातील वाद्यसंगीत समोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरते. घरच्या घरी अहिराणी गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या कलावंतांनाही हाच नियम लागू पडतो.

बंद हेडफोन चांगला बनवणे मात्र अवघड असते. आतील पडदा कंप पावतो तेव्हा आवाज पुढे कानाकडे जातो, तसाच मागेही जातो. मागचा आवाज बंद वाटीवर आदळून परततो आणि मूळ आवाजात मिसळतो. रिकाम्या खोलीत बोलताना आवाज घुमतो, तसाच हा प्रकार. हा घुमारा शोषून घेण्यासाठी कंपन्या जे उपाय योजतात, तीच या हेडफोनची खरी ‘मजुरी’.

वाट्यांमागची कारागिरी

सोनी कंपनीने १९८९ मध्ये आणलेल्या ‘एमडीआर-आर१०’ या हेडफोनच्या वाट्या जपानी झेल्कोवा वृक्षाच्या लाकडातून कोरलेल्या होत्या. अमेरिकेत त्याची किंमत अडीच हजार डॉलर होती. सेनहायझरच्या ‘एचडी ८२०’मध्ये (२०१८) वाटीच्या जागी वक्र काच बसवली आहे. ही काच मागचा आवाज शोषक कप्प्यांकडे वळवते. त्याची किंमत २,३९९ डॉलर होती. फ्रान्सच्या फोकल कंपनीने २०१९ मध्ये ‘स्टेलिया’त बेरिलियम या हलक्या व ताठ धातूचा पडदा वापरला आणि किंमत २,९९९ डॉलर ठेवली. २०२१ मध्ये डॅन क्लार्क ऑडिओचा ‘स्टेल्थ’ चार हजार डॉलरवर पोहोचला. पडदा आणि कान यांच्यामधील खास जाळीदार रचना हे त्याचे वैशिष्ट्य.

साठ हजारांचा वाद

भारतात किमतीची सर्वाधिक चर्चा झाली ती अॅपलच्या ‘एअरपॉड्स मॅक्स’ची. २०२० मध्ये अनेक महिने या हेडफोनच्या बातम्या फुटत होत्या आणि किंमत ३४९ डॉलर असेल, असा अंदाज वर्तवला जात होता. ८ डिसेंबर २०२० रोजी प्रत्यक्षात ५४९ डॉलर आणि भारतासाठी ५९,९०० रुपये अशी किंमत जाहीर झाली. त्या वेळच्या विनिमय दराने ५४९ डॉलरचे सुमारे ४० ते ४१ हजार रुपये होत होते. अमेरिकेतील किंमत विक्रीकर वगळून सांगितली जाते, तर भारतातील किमतीत आयात शुल्क आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला असतो. तरीही सोनीचा ‘डब्ल्यूएच-१०००एक्सएम४’ त्याच वर्षी भारतात २९,९९० रुपयांना आलेला असल्याने दुप्पट किमतीचे समर्थन अनेकांना पटले नाही. असे असूनही मागणी एवढी होती, की काही मॉडेलसाठी ग्राहकांना मार्च २०२१पर्यंतची तारीख दिली गेली.

महाग म्हणजे सुरेल?

ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनच्या मोजणीवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध केला. खर्जापासून तारस्वरापर्यंतचे ध्वनी हेडफोन कोणत्या प्रमाणात ऐकवतो, याचा त्याच्या किमतीशी संबंध आढळला नाही. टिकाऊपणा, आराम, बांधणी या गोष्टी त्या मोजणीत येत नाहीत. परंतु ‘महाग म्हणून सुरेल’ हे समीकरण त्यातून निकालात निघते. ध्वनिमुद्रण कक्षांत आजही दिसणारा सोनीचा ‘एमडीआर-७५०६’ हा बंद हेडफोन १९९१चा आहे आणि अमेरिकेत तो साधारण शंभर डॉलरच्या घरात मिळतो.

दुसरी मर्यादा मूळ ध्वनिमुद्रणाची. बालगंधर्वांनी बालपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे संगीताचे धडे घेतले. त्यांची नाट्यपदे ऐकणारा रसिकवर्ग येथे आजही आहे. मात्र त्या काळच्या तबकड्यांवर वरचे सूक्ष्म ध्वनी मुळातच कमी नोंदले गेले. मुद्रणात जे नाही, ते तीन हजार डॉलरचा हेडफोनही ऐकवू शकत नाही.

खान्देशातील ग्राहकाने काय पाहावे?

जळगावचे गोलाणी मार्केट असो वा धुळ्याचा आग्रा रोड, रोजच्या वापराचे हेडफोन येथे सहज मिळतात. लाखाच्या घरातील हेडफोन कानाला लावून पाहायचा, तर महानगराची वाट धरावी लागते. ऑनलाइन मागवताना परत करण्याची मुदत आणि अटी आधी वाचाव्यात.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा बंद हेडफोनमध्ये कान घामाने भिजतात आणि कृत्रिम चामड्याच्या गाद्या लवकर सोलवटतात. त्यामुळे सुट्या गाद्या मिळतात का आणि त्यांची किंमत किती, हे विचारावे. वजनही पाहावे, एअरपॉड्स मॅक्स जवळपास ३८५ ग्रॅमचा आहे. बिनतारी हेडफोनचे आयुष्य बॅटरीशी बांधलेले असते, तर तारेचा चांगला हेडफोन अनेक वर्षे चालतो. काही महागड्या हेडफोनना वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. तो खर्चही धरावा.

बंद हेडफोनचा एक लाभ आरोग्याचा आहे. बाहेरचा गोंगाट अडल्याने आवाज कमी ठेवता येतो. प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे.

सोन्याचा दागिना मोडीत दिला, तर मजुरी जाते; सोन्याचे मोल हाती राहते. हेडफोनच्या किमतीत धातू-लाकडाचा वाटा अल्प आणि मजुरी व नावाचा वाटा मोठा, त्यामुळे मोडीत हाती फारसे येत नाही. म्हणून नव्या मॉडेलची घोषणा होताच पैसे भरण्याऐवजी काही महिने थांबावे, शक्य झाल्यास आपल्या ओळखीचे गाणे त्यावर ऐकावे आणि स्वस्त हेडफोनपेक्षा फरक आपल्या कानाला जाणवला, तरच त्याची मजुरी मोजावी.