फुटपाथवरचं वाळवंट

आमच्या वसईचा दगड काळा. तुंगारेश्वरचा डोंगर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. अशा दगडात प्राण्यांची पावलं शोधणं जवळपास व्यर्थच.

पण लाव्ह्याखाली काय दडलेलं असू शकतं, हे मला ब्राझीलमुळे कळलं. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, ब्राझीलही त्यांचंच. तिथे १३ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी बोतुकातूचं अफाट वाळवंट होतं. ओलसर वाळूवरून डायनासोर आणि सस्तन प्राण्यांसारखे छोटे जीव चालत गेले. ठशांवर वाळू साचली आणि पुढे त्यावर लाव्हा पसरला. त्या वाळूचा गुलाबीसर दगड झाला. माणसांनी त्याच्या फरश्या काढल्या आणि आराराक्वारा शहराचे फुटपाथ बांधले.

१९७६ पासून ज्युसेप्पे लेओनार्दी हे इटालियन धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ खाली बघत त्या रस्त्यांवरून हिंडले. लोकांच्या चपलांखाली ठसे झिजत होते! त्यांनी जपलेल्या ठशांवरूनच २०२३ मध्ये एका चपळ डायनासोरच्या पावलांना ‘फार्लोविक्नस रॅपिडस’ हे नाव मिळालं.

आपल्याकडेही लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाळ सापडतो. मुंबईत वरळीच्या अशाच गाळातल्या चिमुकल्या बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं होतं. आज आपल्या भागात डोंगर फोडून खडी होते. काळ्या दगडात मऊ, पातळ पापुद्र्यांचा पट्टा दिसला, तर तो क्रशरमध्ये जाण्याआधी कुणीतरी वाकून बघायला हवा.