'मादाम बोव्हारी म्हणजे मीच' असं फ्लोबेर खरंच म्हणाले होते का? घरबसल्या कसं तपासायचं?

'मादाम बोव्हारी म्हणजे मीच!'

फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेर यांच्या नावावर हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. लेखक आपल्या पात्रात कसा मिसळून जातो हे सांगायचं असेल, तर ते हमखास वापरलं जातं. फ्लोबेर यांचा झुबकेदार मिशांचा फोटो, त्यावर हे वाक्य आणि खाली शेकडो लाइक्स, असं कार्ड तुमच्याही टाइमलाइनवर आलं असेल.

पण हे वाक्य त्यांनी कुठे लिहिलं? कोणाला म्हटलं? कधी म्हटलं? अशा कार्डांवर याचं उत्तर नसतं.

हे उत्तर शोधायला पॅरिसचं तिकीट काढावं लागत नाही. फ्रान्समधल्या ग्रंथालयांनी आपला मोठा खजिना इंटरनेटवर मोफत खुला केलाय. फ्रेंच साहित्यावर प्रोजेक्ट, प्रबंध किंवा एखादा साधा लेख लिहायचा असेल, तरी हीच साधनं उपयोगी पडतात. ती कशी वापरायची, ते या एका वाक्याचा माग काढत समजून घेऊ.

आधी थोडक्यात: ही कादंबरी काय आहे?

'मादाम बोव्हारी' ही नॉर्मंडीतल्या एका छोट्या गावात राहणाऱ्या एमा या डॉक्टरच्या बायकोची गोष्ट. कंटाळवाणा संसार, कादंबऱ्या वाचून पाहिलेली स्वप्नं, विवाहबाह्य संबंध, कर्ज आणि शेवटी आत्महत्या.

1856 साली 'रव्ह्यू द पारी' या नियतकालिकात ती क्रमशः छापून आली आणि फ्लोबेर यांच्यावर सार्वजनिक नीतिमत्तेला आणि धर्माला धक्का लावल्याचा खटला भरला गेला. 7 फेब्रुवारी 1857 रोजी त्यांची निर्दोष सुटका झाली. त्याच वर्षी मिशेल लेव्ही या प्रकाशकाने ती दोन भागांत पुस्तकरूपाने आणली.

पहिला प्रश्न: तुम्ही वाचताय ती आवृत्ती कोणती?

नियतकालिकात आलेली कादंबरी आणि पुस्तकात आलेली कादंबरी, दोन्ही एकच नाहीत. खटल्याच्या भीतीने संपादकांनी काही भाग गाळला होता. रूआँ शहरात बंद घोडागाडीतून एमा आणि तिचा प्रियकर फिरतात, तो गाजलेला प्रसंगही त्यात होता. या काटछाटीवर चिडलेल्या फ्लोबेर यांनी आपली नाराजी त्याच नियतकालिकात छापून आणली. पुढे 1873 च्या आवृत्तीत तर सरकारी वकिलाचं भाषण, बचावाचा युक्तिवाद आणि निकालपत्रही कादंबरीच्या शेवटी जोडलं गेलं.

म्हणजे 'वाचकांना धक्का नेमका कशाचा बसला?' असा प्रश्न असेल, तर 1856 च्या वाचकांनी काय वाचलं आणि आपण आज काय वाचतो, हा फरक माहीत हवा.

तो कळतो ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधून. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा, म्हणजे बीएनएफचा, कॅटलॉग इथे सगळ्यात भरवशाचा. याचं कारण जवळपास 500 वर्षं जुनं आहे. 1537 साली राजा फ्रान्स्वा पहिला याने हुकूम काढला की राज्यात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत राजाच्या ग्रंथालयात जमा झाली पाहिजे. मधल्या काळात त्यात खंड पडला, नियम बदलले, पण ही पद्धत आजही चालू आहे.

याच ग्रंथालयाची 'डेटा बीएनएफ' ही साइट नवख्यांसाठी सोपी आहे. लेखकाचं नाव टाका, की त्याची पुस्तकं, त्यांच्या आवृत्त्या आणि त्याच्यावर लिहिलेली पुस्तकं एका पानावर दिसतात. फ्रान्समधल्या कोणत्या विद्यापीठात कोणतं पुस्तक आहे हे पाहायचं असेल, तर 'सुदॉक' हा सामायिक कॅटलॉग आहे.

गॅलिका: मोफत, पण समजून वापरायला हवं

कॅटलॉग पुस्तकाचा पत्ता सांगतो. पुस्तक उघडून दाखवते ती 'गॅलिका'. बीएनएफचं हे डिजिटल ग्रंथालय 1997 साली सुरू झालं. पुस्तकं, वर्तमानपत्रं, हस्तलिखितं, नकाशे, छायाचित्रं असा एक कोटीहून अधिक वस्तूंचा साठा तिथे आहे. वाचायला आणि डाउनलोड करायला पैसे लागत नाहीत. 'रव्ह्यू द पारी'चे अंक किंवा कादंबरीच्या जुन्या आवृत्त्या पाहायला हीच पहिली जागा.

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा.

पहिली, गॅलिकावरचा शोध नेहमी पूर्ण नसतो. छापील पानाचा फोटो काढून संगणकाने त्यातली अक्षरं ओळखलेली असतात. पुसट छपाई, जुना टाइप किंवा फाटका कागद असेल तर अक्षरं चुकतात. त्यामुळे 'शोधून सापडलं नाही' याचा अर्थ 'तिथे नाही' असा होत नाही.

दुसरी, एकच शब्द वेगवेगळ्या प्रकारे टाकून पाहा. 'मादाम' हा शब्द फ्रेंचमध्ये अनेकदा संक्षेपाने लिहितात. पूर्ण शब्द टाकून शोधणाऱ्याच्या हातून नेमकी हवी ती ओळ निसटू शकते.

तिसरी, स्क्रीनशॉटवर थांबू नका. गॅलिकावरच्या प्रत्येक दस्तऐवजाला 'आर्क' नावाचा कायमस्वरूपी दुवा असतो. तो जपून ठेवा आणि लेखात तोच द्या.

लेखकाने खोडलेली वाक्यंही वाचता येतात

आता थेट लेखकाच्या टेबलाकडे जाऊ. फ्लोबेर यांनी ही कादंबरी 1851 ते 1856 अशी जवळपास पाच वर्षं लिहिली. एकेक पान ते पुन्हा पुन्हा लिहीत. त्यांच्या भाचीने 1914 साली हे सगळे कागद त्यांच्या जन्मगावाच्या, म्हणजे रूआँच्या, नगर ग्रंथालयाला दिले.

पुढे रूआँ विद्यापीठ आणि या ग्रंथालयाने मिळून सुमारे साडेचार हजार पानं स्कॅन केली. पण फ्लोबेर यांचं खाडाखोडीने भरलेलं अक्षर लावणार कोण? त्यासाठी वेगवेगळ्या देशांतले शंभराहून अधिक स्वयंसेवक पुढे आले. सगळेच प्राध्यापक होते असंही नाही. त्यांनी पानं लावून, टाइप करून दिली आणि 2009 पासून ती इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहेत. एका बाजूला मूळ पान, दुसऱ्या बाजूला वाचता येईल असा मजकूर.

मग ते वाक्य सापडतं का?

लेखकाचं म्हणून एखादं वाक्य तपासायचं तर पुस्तकं आणि मसुद्यांनंतर पत्रं पाहायची. फ्लोबेर यांची चार हजारांहून अधिक पत्रं रूआँ विद्यापीठाने 2017 पासून मोफत उपलब्ध करून दिली आहेत. तारखेने, व्यक्तीच्या नावाने किंवा शब्दाने त्यांत शोधता येतं.

'मादाम बोव्हारी म्हणजे मीच' हे वाक्य या पत्रांत नाही.

उलट 18 मार्च 1857 रोजी लरुआये द शाँतपी या वाचक बाईंना लिहिलेल्या पत्रात फ्लोबेर सांगतात, की ही गोष्ट पूर्णपणे रचलेली आहे आणि त्यांनी त्यात आपल्या भावना किंवा आपलं आयुष्य घातलेलं नाही.

मग वाक्य आलं कुठून? अभ्यासकांनी त्याचा माग काढत ते रने देशार्म यांच्या 1909 सालच्या पुस्तकापर्यंत नेलंय. तिथेही ते मुख्य मजकुरात नाही, तळटीपेत आहे. देशार्म लिहितात, की आमेली बोस्के या लेखिकेला जवळून ओळखणाऱ्या एका व्यक्तीने त्यांना हे सांगितलं. बोस्के यांनी फ्लोबेर यांना एमाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी असं उत्तर दिलं होतं म्हणे.

म्हणजे फ्लोबेर बोस्के यांना बोलले, बोस्के आणखी कोणाला बोलल्या आणि त्या व्यक्तीने देशार्म यांना सांगितलं. त्या मधल्या व्यक्तीचं नाव पुस्तकात नाही. आणि हे छापून आलं तेव्हा फ्लोबेर यांना जाऊन 29 वर्षं झाली होती.

म्हणजे हे वाक्य खोटं आहे?

इथे घाई करून चालत नाही. 'फ्लोबेर असं कधीच म्हणाले नाहीत' हेही सिद्ध झालेलं नाही. 23 डिसेंबर 1853 रोजी त्यांनी कवयित्री लुईज कोले यांना लिहिलेलं पत्र पाहा. त्या दिवशी लिहिताना आपण त्या प्रसंगातला पुरुषही झालो, बाईही झालो आणि आजूबाजूचं रानही झालो, अशा अर्थाचं ते लिहितात. म्हणजे तो भाव त्यांना परका नव्हता.

पुरावा बोलतो तो इतकाच: हे वाक्य फ्लोबेर यांच्या हातचं कुठे सापडत नाही आणि ते आपल्यापर्यंत तिसऱ्या तोंडून आलंय. 'खरं' आणि 'खोटं' यांच्या मधलं हे उत्तर व्हायरल होत नाही, पण अभ्यासात टिकतं.

इतरांनी काय लिहिलंय हे कुठे पाहायचं?

आपल्याआधी कोणी हे काम केलंय का, हेही पाहायला हवं. 'पर्से' या साइटवर फ्रेंच संशोधन नियतकालिकांचे जुने अंक मोफत आहेत. 'ओपन एडिशन'वर साहित्य आणि समाजशास्त्राची नियतकालिकं आहेत. 'फ्लोबेर' याच नावाचं एक संशोधन नियतकालिकही तिथे वाचता येतं. फ्रेंच विद्यापीठांतल्या प्रबंधांची यादी 'तेझ' या साइटवर मिळते, तर भारतातल्या प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे.

फ्रेंच येत नसेल तर? भाषांतर करणाऱ्या अॅप्समुळे मजकुराचा अंदाज येतो आणि कोणतं पान कामाचं, हे कळतं. पण एखाद्या शब्दावर मुद्दा उभा करायचा असेल, तर तो फ्रेंच जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

काही पुस्तकं गॅलिकावर का दिसत नाहीत?

कारण कॉपीराइट. फ्रान्समध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं हक्क राहतात, भारतात 60. फ्लोबेर 1880 साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन खुलं आहे. आल्बेर काम्यू 1960 साली गेले, त्यामुळे फ्रान्समध्ये त्यांच्या पुस्तकांवर अजून हक्क आहेत. देशासाठी प्राण दिलेल्या लेखकांना तिथे 30 वर्षं वाढीव संरक्षण मिळतं. दुसऱ्या महायुद्धात विमानासह बेपत्ता झालेले 'द लिटल प्रिन्स'चे लेखक सेंत-एक्झुपेरी त्यांपैकीच एक.

महाराष्ट्रात काय सोय आहे?

मुंबई आणि पुण्यात अलियाँस फ्रान्सेज आहे. तिथल्या सभासदांना पुस्तकांबरोबर 'क्युल्तुरतेक' हे फ्रेंच डिजिटल ग्रंथालयही वापरता येतं. मुंबई विद्यापीठात फ्रेंच विभाग आहे आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे.

आणि इथे एक विषय असा आहे, ज्याचे कागद पॅरिसमध्ये नाहीत, आपल्याकडे आहेत. साने गुरुजींचं 'दुःखी' हे व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझेराब्ल'वर बेतलेलं. आचार्य अत्रे यांचं 'कवडीचुंबक' मोलिएर यांच्या कंजूष नायकावरून आलेलं. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संशयकल्लोळ'चं मूळही मोलिएर यांच्या 'स्गानारेल'मध्ये आहे, पण मध्ये आर्थर मर्फी यांचं इंग्रजी नाटक आहे. इथेही गोष्ट तिसऱ्या तोंडून आलीय. वाटेत काय बदललं, हे शोधायचं तर एका खिडकीत गॅलिका उघडायची आणि दुसरीकडे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयाची पायरी चढायची.

पुढच्या वेळी असं कार्ड दिसलं तर?

तीन प्रश्न विचारा. हे कोणत्या पुस्तकात किंवा पत्रात आहे? ते पहिल्यांदा कधी छापलं गेलं? आणि सांगणाऱ्याने ते स्वतः ऐकलं होतं का?

फ्लोबेर यांचं ते वाक्य तरीही शेअर करायचं असेल, तर खुशाल करा. फक्त खाली एक ओळ जोडा: 'असं फ्लोबेर म्हणाल्याचं 1909 सालच्या एका तळटीपेत सांगितलंय.'