अधिवृषणशोथ

अधिवृषणाला येणारी दाहयुक्त सूज. प्रत्येक वृषणाच्या मागच्या अंगाला वेटोळी घालून चिकटलेली अधिवृषण ही नलिका उलगडली, तर सु. ६ मी. लांब भरते. वृषणात तयार झालेले शुक्राणू तिच्यातून पुढे सरकताना परिपक्व होतात, तिच्या शेपटाकडील भागात साठतात आणि नंतर रेतवाहिनीत जातात.

कारणे : बहुधा मूत्रमार्गातील जंतू रेतवाहिनीतून उलटे चढतात. साधारण ३५ वर्षांखालील पुरुषांत लैंगिक संबंधातून आलेले क्लॅमिडिया व परम्याचे जंतू, तर त्यापुढील वयात ई. कोलायसारखे आतड्यातील जंतू अधिक आढळतात. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी तुंबणे किंवा मूत्रनळी बसवलेली असणे यांनी धोका वाढतो. क्षयरोगात सूज हळूहळू वाढते, वेदना कमी असते आणि रेतवाहिनी मण्यांच्या माळेसारखी हाताला लागते. गडचिरोली-चंद्रपूरसारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात त्या रोगामुळेही अधिवृषणाला वारंवार सूज येऊन पुढे अंडवृद्धी होऊ शकते.

लक्षणे : एका बाजूला एकदोन दिवसांत वाढत जाणारी वेदना, सूज, स्पर्श सहन न होणे, लघवीला जळजळ, कधी ताप किंवा मूत्रमार्गातून स्राव.

निदान : पहिला प्रश्न वृषणाला पीळ पडला आहे का, हा असतो. एकाएकी असह्य कळ व उलट्या, विशेषतः किशोरवयीन मुलात, ही पिळाची चिन्हे होत. साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास वृषण गमावण्याचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणून लाजेपायी दुखणे लपवू नये. डॉप्लर सोनोग्राफीत अधिवृषणशोथात रक्तप्रवाह वाढलेला, तर पिळात घटलेला वा थांबलेला दिसतो. लघवीची तपासणीही करतात.

उपचार : कारणानुसार प्रतिजैविके साधारण १० दिवस देतात, क्षयरोगात किमान ६ महिने औषधे लागतात. विश्रांती, अंडकोशाला आधार, बर्फाचा शेक आणि वेदनाशामके यांनी आराम पडतो. बरे वाटले तरी औषधे पूर्ण घ्यावीत. संसर्ग लैंगिक असल्यास जोडीदाराचीही तपासणी व उपचार आवश्यक असतात. नाहीतर तो पुन्हा जडतो.

परिणाम : उपचार लांबल्यास गळू होऊ शकते. दोन्ही बाजूंच्या नलिका व्रणाने बंद झाल्या, तर वीर्यात शुक्राणू उतरत नाहीत व वंध्यत्व येते. एकाच बाजूच्या वेळीच बऱ्या झालेल्या आजाराने सहसा प्रजननक्षमता जात नाही. औषधांनंतरही टिकलेली गाठ, किंवा मुळातच न दुखणारी गाठ, कर्करोगाच्या शक्यतेमुळे तपासून घ्यावी.