सल्ल्याची गिरणी

शेंगाची चटणी, चादर आणि सल्ला या तीन वस्तूंचे आमच्या सोलापुरात मुबलक उत्पादन होते. पैकी पहिल्या दोन विकत मिळतात. तिसरी फुकट मिळते, आणि तीही न मागता. नव्या पेठेत सायकल पंक्चर झालेल्या माणसाभोवती मिनिटभरात पाचजण जमतात. एकजण मराठीत सल्ला देतो, दुसरा कानडीत, तिसरा तेलुगूत. आणि उरलेले दोघे या तिघांचे कुठे चुकले ते सांगतात. पंक्चर काढणारा पोरगा तेवढा गप्प असतो. कारण त्याला काम येत असते.

अशा गावात वाढलेला मी पुढे मुंबईतल्या एका बड्या सल्लागार कंपनीत चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. म्हणजे जे काम सोलापुरात पानाच्या ठेल्यावर उभ्याने आणि फुकट चालते, तेच मी टाय बांधून, खुर्चीत बसून आणि तासावर आकारणी करून केले. माझे आजोबा इथल्याच एका गिरणीत साचेखात्यात विणकर होते. नोकरीचे पेढे त्यांच्या हातावर ठेवले तेव्हा त्यांनी विचारले,

"काय बनवतेत बे तुझ्या कंपनीत?"

"सल्ला."

"ते झालं. पण बनवतेत काय?"

या प्रश्नाचे उत्तर मी पुढची तीस वर्षे शोधत होतो.

आजोबांना माझी कंपनी समजावून सांगायला शब्द मात्र शोधावे लागले नाहीत. सगळे त्यांच्या गिरणीतच सापडले. गिरणीत 'बदली' असत. हे लोक पहाटे फाटकाशी येऊन उभे राहत. कुणाचा खाडा पडला तर आत, नाहीतर आल्या पावली परत. त्यांची नीट नोंद ठेवायची पद्धत मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ साली सुरू केली. आमच्याकडेही एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत माणसाला रिकामे बसवत. त्याला 'बेंचवर असणे' म्हणत. शाळेत बाकावर उभे राहण्याची शिक्षा असते, इथे बसण्याची असे, एवढाच फरक. गिरणीत जॉबर असे. तो माणसे भरी, त्यांना कामे वाटून देई आणि त्याबद्दल दस्तुरीही घेई. आमच्याकडे त्याला साहेब म्हणत. साहेब दस्तुरी घेत नसत, रविवार घेत.

एक नियम तेवढा आजोबांना काही केल्या पटला नाही. ठराविक वर्षांत वरच्या जागी चढायचे, नाहीतर बाहेर पडायचे, असा या धंद्यातला दंडक. आजोबा तीस वर्षे विणकर होते आणि उत्तम विणकर होते. उत्तम विणकराने विणकरच राहणे हा गिरणीत गुन्हा नव्हता. उलट त्याच्या साच्यावरून जाताना जॉबरसुद्धा जरा आवाज खाली करी.

आता गंमत पाहा. हा सल्ल्याचा धंदा वाढला तोच मुळी गिरण्या-कारखान्यांतल्या मजुरांच्या जिवावर. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या गृहस्थाने हातात स्टॉपवॉच घेऊन मजुरांच्या हालचाली मोजल्या आणि १९११ साली त्याचे शास्त्र करून पुस्तक लिहिले. त्याच्यामागून शार्ल बेदो हा फ्रेंच माणूस आला. त्याने मिनिटभराच्या श्रमाचे एक माप ठरवले आणि त्याला स्वतःच्या आडनावाचे पहिले अक्षर देऊन टाकले. ताशी साठ 'बी' म्हणजे नेमाने काम करणारा माणूस. आपल्याकडे कर्तबगार माणसाचे नाव गल्लीला देतात, फार झाले तर चौकाला. मिनिटालाच आडनाव लावणारा हा एकटाच!

आपल्याकडे त्याच सुमारास मुंबईच्या काही गिरण्यांत 'एफिशियन्सी'चे वारे शिरले. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवायचे, एक बाजू सांभाळणाऱ्या कातणाऱ्याने दोन सांभाळायच्या. कागदावर हिशेब चोख होता. पण तिसऱ्या साच्याबरोबर माणसाला तिसरा हात द्यायचे कुणाला सुचले नाही. १९२८ च्या एप्रिलात जो संप झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला आणि सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. माणूस किती मोजून घेतो यालाही एक माप असते. ते स्टॉपवॉचवर दिसत नाही.

पण काळाचा न्याय मोठा खट्याळ! ज्या घड्याळाने विणकर मोजला तेच फिरून मोजणाऱ्याच्या उरावर येऊन बसले. आमच्या कंपनीत रोजचा प्रत्येक पाव तास कुठल्या गिऱ्हाइकासाठी खर्ची पडला ते तक्त्यात भरावे लागे. साहेबांबरोबर लिफ्टची वाट पाहण्यात गेलेली दहा मिनिटे सिमेंटवाल्याच्या खाती टाकावीत की औषधवाल्याच्या, यावर एका सहकाऱ्याने अर्धा तास विचार केला आणि तो अर्धा तास कुठे टाकावा हे विचारायला माझ्याकडे आला.

आजोबांच्या बाबतीत निदान घड्याळाला कायदा आडवा आला. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ मध्ये तो अकरा झाला आणि आठवडा साठ तासांचा. १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न. १९४६ मध्ये नऊ आणि अठ्ठेचाळीस. ही उतरती भाजणी कुणा सल्लागाराने सुचवलेली नव्हती. ती मागून, भांडून आणि उपाशी राहून मिळाली. आणि अठ्ठेचाळीस तासांचे सुख भोगणाऱ्या विणकराचा पदवीधर नातू आठवड्याला सत्तर तास भरून घरी येऊ लागला, तेव्हा घराण्याची प्रगती झाली असे आळीत सर्वांचे मत पडले. आजोबांनी फक्त विचारले, "भोंगा किती वाजता होतो तुमच्याकडं?" आमच्याकडे भोंगा नव्हता. "मग सुटता कसं?" हेही आम्हांला ठाऊक नव्हते.

बरे, एवढे तास करायचो काय? एका गिरणीत दुपारून सूत फार तुटते म्हणून आम्हांला बोलावले होते. चौघेजण तीन आठवडे तक्ते भरत होतो. शेवटी एका म्हाताऱ्या विणकराशेजारी मी बसलो. तो म्हणाला, "साहेब, दुपारी हवा कोरडी पडतीया. कोरड्या हवेत सूत कडक होतंय, तुटतंय. खात्यात ओलावा ठेवा, बास." कापूस विणायला खात्यातली हवा चांगली दमट लागते, हे खरेच आहे. आम्ही ते इंग्रजीत लिहिले, आलेख जोडले, ऐंशी पानांचे बाड बांधले. मालक खूश झाले. अहवालात विणकराचे नाव घालावे असे मी सुचवले. साहेब म्हणाले, "त्याला बिल लावता येत नाही."

तरी सल्ला देणे आणि गिरणी चालवणे यांत अंतर असते, ते या धंद्याच्या एका मूळपुरुषालाच उमगले. जेम्स मॅकिन्झी हा शिकागोचा हिशेबशास्त्राचा प्राध्यापक. त्याने १९२६ साली आपली सल्लागार कंपनी काढली. १९३५ मध्ये मार्शल फील्ड या बड्या दुकानाला त्याने सल्ला दिला. तो मालकमंडळींना इतका पटला की त्यांनी त्यालाच अध्यक्ष केले! आता आपलाच सल्ला आपणच अमलात आणायचा. माणसे कमी करायची, त्यांचे चेहरे बघायचे. सांगणे सोपे होते, करणे फार जड आहे, असे तो म्हणाल्याचे सांगतात. १९३७ मध्ये न्यूमोनियाने तो गेला, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

असाच बाहेरचा कारभार आमच्या सोलापूरनेही पाहिला आहे. १८७४ साली स्थापन झालेली आमची 'जुनी गिरणी', म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, महिनाभराची नोटीस देऊन २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून आपले संचालक नेमले. या नव्या कारभाऱ्यांनी अर्धवट भरलेल्या भागांवर भागधारकांकडे भागामागे आणखी पन्नास रुपये मागितले. सल्ला कुठलाही असो, शेवटचे वाक्य "पैसे काढा" हेच! भागधारक सुप्रीम कोर्टात गेले. डिसेंबर १९५० मध्ये एका खटल्यात कायदा टिकला, डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्यात पडला. वकिलांच्या पोथ्यांत सोलापूर अमर झाले. त्या खटल्यांच्या शीर्षकांत कंपनी आहे, सरकार आहे, भागधारक आहेत. साचेखाते नाही.

पुढे आमच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक मिटल्या आणि भोंगे गेले. आता सोलापूरची पोरे हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन सल्ला विणतात. माझा भाचा त्यांतलाच. २०२४ साली पुण्यातल्या अशाच एका मोठ्या कंपनीतली तरुण मुलगी गेली आणि तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल पत्र लिहिले, तेव्हा देशभर तासांची चर्चा झाली. सोलापुरात ते पत्र माझ्या बहिणीने दोनदा वाचले. त्यावर ती काही बोलली नाही.

तेव्हापासून भाचा शनिवारी घरी आला आणि रात्री लॅपटॉप उघडून बसला, की बरोबर नऊ वाजता स्वयंपाकघरातून हाक येते, "भाकरी गार होऊलालीया! उठ आता!" पहिली हाक साधी असते. दुसरीला शेजारची खिडकी उघडते. तिसरी कधी लागतच नाही. कारण दुसऱ्या हाकेलाच लॅपटॉप मिटलेला असतो.